गुरुजींच्या संगणकाचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवण्याच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजत असे. नोकरीच्या ३४ वर्षांत आमचं बिऱ्हाड सहा वेळा हललं. जव्हार, मोखाडा, वाडा, मुरबाड, पुन्हा वाडा आणि शेवटी शहापूर. (तेव्हा हे सगळे तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा निघाला तो २०१४ साली. म्हणजे सरकारनंही एकदा बिऱ्हाड हलवून पाहिलंच.) दर खेपेला टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी, भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसण्याचं जोखमीचं काम मी जातीनं केलं. बाकीचं किरकोळ सामान, म्हणजे कपाट, पिंप, दोन पलंग, जातं आणि दोन मुलं, सौभाग्यवतींनी पाहिलं. सहा बदल्यांत घड्याळाची काच एकदाही फुटली नाही. एवढा अनुभव गाठीशी असल्यावर संगणकाचं बिऱ्हाड हलवणं मला जड का जावं?

त्याचं असं झालं. २०२४ च्या श्रावणात एका सकाळी मुरबाडहून सासऱ्यांचा फोन आला. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. 'बाबा' म्हटलं की आपण फार जवळचे होतो आणि पाढे विचारले जाण्याचा धोका वाढतो. गुरुजी फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत, एकदम विषयाला हात घालतात.

"जावईबापू, संगणकाला ढास लागली आहे."

"पावसाळी हवा आहे," मी म्हणालो. सकाळी सहाला माणूस याहून काय बोलणार?

"थट्टा नको. कालपासून आत खट्-खट् करतो. 'स' उघडायला पाच मिनिटं घेतली त्यानं."

गुरुजींच्या संगणकात 'स' का असतो, हे सांगायला हवं. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतल्या भातशेतीचे शब्द गोळा करण्याचा ध्यास गुरुजींनी निवृत्तीनंतर घेतला. राब, आवणी, इरलं, कणगी, झोडणी, उडवी. नांगराच्या प्रत्येक भागाचं नाव, भाताच्या प्रत्येक अवस्थेचं नाव, चिखलाच्या प्रत्येक प्रकाराचं नाव. इरलं गेलं आणि प्लास्टिकचा कागद आला, बैल गेले आणि पॉवर टिलर आला. "वस्तू गेली की पाठोपाठ शब्द जातो, आणि शब्दाचा दाखला काढायला कुणी ग्रामपंचायतीत जात नाही," असं गुरुजी म्हणतात. २०१० साली मुलांनी मिळून त्यांना संगणक घेऊन दिला. वयाच्या ७१व्या वर्षी गुरुजी एकेका बोटानं टंकायला शिकले. प्रत्येक अक्षराची एक फाइल. वहीतलं संगणकात गेलं की वही रद्दीत, ही त्यांची शिस्त. १४ वर्षांत 'अ'पासून 'स'पर्यंत येऊन पोचले होते. पुढे उरला होता 'ह'. मग 'ळ', पण 'ळ'नं सुरू होणारा शब्द सापडला नाही, याची त्यांना मनापासून खंत आहे. मुलानं शाळा अर्धवट सोडावी तशी.

आणि आता संगणकाला ढास लागली होती.

आमच्या शेजारी एक इंजिनीयर मुलगा राहतो. रोज आसनगावहून लोकल पकडून नव्या मुंबईत कामाला जातो आणि रात्री दहाला परत येतो, त्यामुळे त्याचा सल्ला फक्त रविवारी मिळतो. त्यानं खट्-खट् ऐकली (फोनवरून, डॉक्टर मंडळी याला काहीही म्हणोत) आणि निदान केलं.

"काका, हार्ड डिस्क जाणार. आत तबकडी फिरते ना, मिनिटाला ७२०० वेळा? तिच्यावर वाचणारी सुई तरंगत असते, न टेकता. ती वाट चुकली की मागं जाते, पुन्हा येते, पुन्हा चुकते. तोच हा आवाज. आहे तोवर सगळं हलवा."

"फाइली काढून घेतो," मी म्हणालो. "पेनड्राइव्हवर. सोपं आहे."

सोपं नव्हतं. पहिली अडचण स्वतः गुरुजी. काम पूर्ण झाल्याशिवाय हस्तलिखित घराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी मुरबाडला गेलो तेव्हा फार मिनतवारीनं नमुन्यादाखल एक 'अ' दिला, तोही "परत आणून द्या" असं सांगून. शहापूरला येऊन तो 'अ' मी नातवाच्या लॅपटॉपवर उघडला. उघडला तो काय? एकही मराठी अक्षर नाही! डोक्यावर टिंबं असलेली फ्रेंच अक्षरं, पोटात रेघ असलेली कुठल्यातरी थंड देशातली अक्षरं, मधेच पौंडाची खूण. मुरबाडची शेती एका रात्रीत युरोपात गेली होती.

इंजिनीयरनं समजावलं ते मला कळलं तेवढं सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९९१ साली युनिकोड आलं आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० पासून तो विंडोजमध्येही चालू लागला. पण त्याआधीची, आणि छापखान्यांत नंतरही बरीच वर्षं चाललेली, रीत निराळी होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवायचं. म्हणजे हजेरीपटावर नाव एकाचं आणि बाकावर बसलाय दुसराच. तो विशिष्ट फॉन्ट घरात आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. फॉन्ट नसलेल्या घरी गेलं की हजेरीपटावरची खरी नावं बाहेर पडतात. गुरुजींचं सगळं लेखन असल्या जुन्या पद्धतीत होतं. ३५ वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाच्या वर्गात १४ वर्षं सगळी मुलं खोट्या नावानं बसली होती!

"रूपांतर करता येतं की," इंजिनीयर म्हणाला आणि त्यानं करूनही दाखवलं. बरंचसं जमलं. पण 'अर्धेली'वरचा रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसला आणि जोडाक्षरांचे पाय मोडले. "नीट तपासून घ्यावं लागेल. फाइली नेता येतील काका, पण त्या वाचणाराही न्यायला हवा."

"मग तो मराठीचा प्रोग्राम नव्या संगणकावर टाकू."

"सीडी आहे?"

मी मुरबाडला फोन लावला. सीडी होती. सासूबाईंनी ती परसात चवळीच्या वेलावर दोरीनं टांगली होती, पाखरं उडवायला. तीन पावसाळे तिनं चोख काम केलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. ज्या दुकानातून प्रोग्राम घेतला त्या जागी आता पावभाजीची गाडी लागते.

नवा संगणक, नवा प्रोग्राम, नवा कळफलक असाही एक मार्ग होता. तो मी गुरुजींपुढे मांडून पाहिला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मी ८५ वर्षांचा आहे. माझ्या बोटांना 'ह' कुठं आहे ते ठाऊक आहे, मला नाही. नव्या कळफलकावर 'ह' शोधता शोधता माझं 'हरी हरी' व्हायचं. संगणक मला आहे तस्सा हवा. ते चित्र तस्सं, त्या खुणा तिथंच, सगळं आहे तस्सं."

उपाय एकच उरला. जुन्या डिस्कवरचं सगळंच्या सगळं, म्हणजे विंडोज, मराठीचा प्रोग्राम, फॉन्ट, फाइली, मागचं गुलाबाच्या फुलाचं चित्र आणि केरकचरा, उचलून नव्या डिस्कवर नेऊन ठेवायचं. फाइली नेणं म्हणजे सामान हलवणं. हे म्हणजे भिंती, खुंट्या आणि शेजारपाजार यांच्यासकट घर हलवणं.

इंजिनीयर मुरबाडला येऊ शकत नव्हता, म्हणून संगणक शहापूरला आणणं आलं. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीनं सरळगाव, किन्हवली करत यायचं. बरोबर सौ. होती. तिला महिला म्हणून अर्धं तिकीट. शेजारी बसलेल्या आजोबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, त्यांचा प्रवास फुकट. मला अजून पासष्ट झालेली नाहीत, त्यामुळे त्या बाकावर पूर्ण पैसे मोजणारा मी एकटा, आणि मांडीवर धोतरात गुंडाळलेला संगणकाचा डबा.

"काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"सासऱ्यांचा संगणक."

"आजारी आहे?"

"हो. आत खट्-खट् होतंय."

"मग शहापूरला कशाला नेताय? कल्याणला दाखवायचा."

मागच्या बाकावरची बाई म्हणाली, तिच्या दिराचंही असंच खट्-खट् होत होतं, शेवटी ठाण्याला न्यावं लागलं. काळू नदीच्या पुलापर्यंत अर्धी एसटी दिराच्या प्रकृतीची चौकशी करत होती. उतरताना आजोबांनी डब्यावर हात ठेवून "होईल बरा" म्हणून आशीर्वाद दिला. दिलाच होता, तर थोडा जोरानं द्यायला हवा होता.

नवी डिस्क मी आणून ठेवली होती. २४० जीबीची एसएसडी. हातात घेतली तर पोह्याच्या पापडासारखी. सौ.नं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाबांची १४ वर्षं यात मावणार?" तिचंही चूक नाही. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क काढली, तेव्हा त्या कपाटात दोन-दोन फुटांच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावत होती ५० लाख अक्षरं. आज नातवाचा एक फोटो तिथं अंग चोरून बसला असता. या नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाहीच. सुई नाही, तबकडी नाही, आवाज नाही. बारीक बारीक खणांत विजेचा भार साठवून ठेवलेला. आवाज न करता काम करणाऱ्या वस्तूवर आमच्या घरी चटकन विश्वास बसत नाही. सौ.नं तिला हळदकुंकू लावायला घेतलं, ते मी वरच्या वर थांबवलं. मग तिनं खोक्याला लावलं.

जुनी डिस्क ३२० जीबीची आणि नवी २४० ची. मोठ्या घरातून लहान घरात जायचं तर सामान मावेल का, ही शंका मला बदल्यांमुळे लगेच आली. पण बघितलं तर प्रत्यक्ष सामान होतं ४१ जीबी. बाकी सगळं अंगण.

इंजिनीयरनं एक पेनड्राइव्ह तयार करून दिला आणि म्हणाला, "संगणक या पेनड्राइव्हवरून सुरू करा. चुलीवर भात शिजत असताना चूल हलवता येत नाही ना? तसं विंडोज चालू असताना विंडोज उचलणं अवघड. ते झोपलेलं असतानाच उचलायचं. आणि काका, एकच गोष्ट सांभाळा. कुठून आणि कुठं, यांत गल्लत करू नका. उलटं झालं तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर जाऊन बसेल. गुरुजींची पाटी स्वच्छ."

हे ऐकल्यापासून मला घाम फुटला. मी दोन्ही डिस्कना चिठ्ठ्या चिकटवल्या, 'जुनी' आणि 'नवी'. मग पडद्यावर चिठ्ठ्या दिसत नाहीत हे लक्षात आलं. शेवटी ३२० मोठा आकडा म्हणजे सासरे, २४० लहान आकडा म्हणजे जावई, आणि सासऱ्यांकडून जावयाकडे काहीतरी यायचंय, असं मनात पक्कं केलं. हे मात्र पुन्हा विसरलो नाही.

दुसरी भीती विजेची. पाऊस लागला की आमच्याकडे वीज जाते. भातसा आणि तानसा या दोन धरणांचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं, तानसाचं तर १८९२ पासून, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. तेव्हा दारावरून जाणारी वस्तू आपल्यासाठी थांबेलच असं नाही, हे शहापूरकराला शिकवावं लागत नाही. मी इन्व्हर्टर उसना आणला.

रविवारची वाट पाहायला हवी होती, पण गुरुजी दिवसातून तीनदा प्रकृती विचारत होते. शुक्रवारी रात्री मी एकट्यानंच कामाला हात घातला. पडद्यावर जुन्या डिस्कचे कप्पे दिसले. एक 'सी', चांगला ऐसपैस, त्यात सगळं सामान. आणि त्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, १०० एमबीचा एक चिमुकला कप्पा. त्याला 'सी', 'डी' असं अक्षर नाही. विंडोजमध्ये तो कधी नजरेलाही पडला नव्हता. नाव वाचलं तर 'सिस्टीम रिझर्व्ह्ड'. राखीव! मी नोकरीत असल्यापासून राखीव म्हणून ठेवलेल्या गोष्टींचा कधी उपयोग झालेला पाहिला नाही. कोणकोणते कप्पे न्यायचे त्यावर खुणा करायच्या होत्या. 'सी'वर केली. त्या १०० एमबीवर केली नाही. बिऱ्हाड हलवताना अडगळ मागं सोडावी, हे माझं तत्त्व आहे.

ते सुरू झालं. दहा टक्के, वीस टक्के. दीड तासानं ६३ टक्क्यांवर जे थांबलं ते थांबलंच. जुनी डिस्क आतून खट्-खट्, खट्-खट् करू लागली. पडद्यावर लिहून आलं की इथलं काही वाचता येत नाही. सोडून पुढं जाऊ का? रात्रीचे पावणेबारा वाजले होते. सौ. माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. मी 'हो' दाबलं. डिस्क आणखी थोडी खोकली आणि पुढं सरकली. एक वाजता शंभर टक्के झालं.

जुनी डिस्क काढली, नवी लावली, देवाला नमस्कार केला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली : बूटएमजीआर इज मिसिंग.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. घरात सगळं सामान येऊन पडलंय, जिथल्या तिथे लावलंय, आणि घर काही जागं होत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे सौ. म्हणाली, "बाबांना काय सांगणार आहात?" मी म्हणालो, "रविवार येऊ दे."

रविवारी इंजिनीयरनं पडद्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "काका, तो शंभर एमबीचा कुठंय?"

"तो राखीव होता. रिकामा."

"रिकामा नाही काका. दिसत नाही म्हणजे रिकामा नसतो." आणि त्यानं समजावलं. संगणकाचं बटण दाबलं की तो आधी त्या चिमुकल्या कप्प्याकडे जातो. विंडोज कुठं झोपलंय आणि त्याला कसं उठवायचं, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. तो उठवतो, काम सोपवतो आणि बाजूला होतो. मग दिवसभर त्याची कुणाला आठवण होत नाही. 'सी'मध्ये ४१ जीबी सामान होतं, पण पहाटे उठून दिवा लावणारा तिथं कुणी नव्हता.

सौ. दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आपलं सहा वेळा बिऱ्हाड हललं. त्यात तो शंभर एमबीचा कप्पा कोण होतं हो?"

अशा वेळी शहाणा माणूस वर्तमानपत्र शोधतो. मी पेचकस शोधला.

जुनी डिस्क पुन्हा जोडून तेवढा चिमुकला कप्पा आणायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यानं सुदैवानं खोकला काढला नाही. मग बटण दाबलं आणि बावीस सेकंदांत गुलाबाचं फूल पडद्यावर उमललं. पूर्वी याच गोष्टीला चार मिनिटं लागत. मराठीचा प्रोग्राम उघडला. 'अ' उघडला : अर्धेली, रफारासकट. सौ.नं डोळ्यांना पदर लावला, आणि मी अनुभवी माणसासारखा चेहरा केला. मग एकेक अक्षर उघडत गेलो. क, ख, ग, सगळी मुलं हजर. 'य' हजर. 'र'वर दोनदा टिचकी मारली. 'ही फाइल उघडता येत नाही.' पुन्हा मारली. नाही. तो ६३ टक्क्यांवरचा खोकला. मी 'हो' दाबून सोडून दिलं होतं, ते हे होतं.

इंजिनीयरनं जुन्या डिस्कवरून तेवढा 'र' काढायचा दोन तास प्रयत्न केला. शेवटी जुन्या डिस्कनं एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ती कायमची गप्प झाली.

परतीच्या एसटीत संगणक मांडीवर होता, पण मला तो जड वाटत होता. 'र'मध्ये ११२ शब्द होते. प्रत्येक फाइलचे शब्द मोजून गुरुजींनी एका वेगळ्या यादीत लिहून ठेवले होते. सौ. म्हणाली, "मी सांगते बाबांना." मी म्हणालो, "नको, 'हो' मी दाबलं होतं."

मुरबाडला पोचल्यावर गुरुजींनी स्वतः तारा जोडल्या. बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे चहा आणायला वळले. दोन पावलं गेले असतील-नसतील, तोच मागून तो मंजुळ आवाज. गुरुजी गर्रकन वळले.

"हा झोपलाच नव्हता काय?"

"आता वेगात उठतो, गुरुजी. बावीस सेकंद."

गुरुजींना ते आवडलं नाही. "मग मी विचार कधी करायचा? बटण दाबायचं, चहा घ्यायचा, आज कोणता शब्द घ्यावा ते मनाशी ठरवायचं, तोवर हा तयार. चार मिनिटांत माझी दिवसाची आखणी होत असे." मग त्यांनी चष्मा लावून तपासणी सुरू केली. खुणा तिथंच. गुलाब तस्सं. "आहे तस्सं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शंभरपैकी ९८.

तेव्हा मी सांगितलं. 'र' गेला. कसा गेला तेही सांगितलं.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वह्या रद्दीत घातल्या मी. तुमची चूक नाही, जावईबापू. 'र' दोन वर्षं चालला होता. आता पुन्हा दोन वर्षं..." आणि पुढचं बोललेच नाहीत. ८५ वर्षांच्या माणसानं 'दोन वर्षं' म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचा हिशेब करावा लागतो. बाहेर पागोळ्या गळत होत्या, त्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"कोणता गेला? 'र' ना?" आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या भाकरी थापत होत्या. "लिहून घ्या म्हणावं. राब. रोप. रास. रुमणं. रवी. राखण..."

"राबात काय लिहिलं होतं मी?" गुरुजींनी आत न बघता विचारलं.

"तुम्ही काय लिहिलं ते मला काय ठाऊक? मी काय सांगितलं ते सांगते. शेणी, पालापाचोळा, बारीक काटक्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि वाऱ्याकडे तोंड करून पेटवायचं. त्या भाजल्या जागेवर रोप टाकायचं. राब भाजल्याशिवाय रोप धरत नाही आणि राबल्याशिवाय भात दिसत नाही, असं आमची आई म्हणायची."

गुरुजी टंकू लागले. थापण्याचा आवाज आणि कळांचा आवाज, दोन्ही एकाच लयीत. सासूबाईंचं माहेर बारवीच्या काठचं. १९७२ साली बारवी धरण झालं, कारखान्यांना आणि शहरांना पाणी मिळालं, आणि त्यांच्या माहेरची खाचरं पाण्याखाली गेली. माणसं दुसरीकडे गेली, भांडीकुंडी गेली, देवही गेले. पण कोणाच्या बांधाला कोणाचा बांध होता, ती लावणी काही हलवता आली नाही. ती सगळी या बाईच्या डोक्यात आहे तशी होती. खाचरासकट, बांधासकट, हाक मारण्याच्या अंतरासकट. चौदा वर्षं गुरुजी जे शब्द 'तालुक्यातून गोळा' करत होते, त्यांतले निम्म्याहून अधिक स्वयंपाकघराच्या दारातून आलेले होते. पुस्तकाची प्रस्तावना आधीच लिहून तयार होती. त्यात ४० जणांचे आभार होते, अगदी एसटीतल्या एका अनोळखी प्रवाशाचेही. सासूबाईंचे नव्हते. लबाडी म्हणून नव्हे हो. चिमुकला कप्पा नजरेला पडत नाही, एवढंच.

'र' चार दिवसांत पुरा झाला. मोजले तेव्हा शब्द १३१ भरले. "आधी १९ राहिले कसे?" गुरुजींनी विचारलं. "तेव्हा तुम्ही 'पुरे' म्हणाला होता," सासूबाई म्हणाल्या.

आता गुरुजींचं सगळं लेखन तीन ठिकाणी असतं. एक प्रत त्यांच्या संगणकात, एक शहापूरला माझ्याकडे, आणि एक पेनड्राइव्ह डबीत घालून सासूबाईंच्या तांदळाच्या कणगीत. यांतली सर्वांत सुरक्षित कोणती, यावर आमच्या घरी दुमत नाही. जुनी डिस्क गुरुजींनी टाकू दिली नाही. ती परसात चवळीच्या वेलावर सीडीशेजारी टांगली आहे. पाखरं तिला मुळीच भीत नाहीत.

परवा गेलो होतो. सकाळी गुरुजींनी बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघता उठले. फूल उमललं, मंजुळ आवाज झाला, संगणक बिचारा ताटकळत बसला. गुरुजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले, हातात चहाचा कप.

"हं," ते आतल्या बाजूला म्हणाले, "'ह'. बोल."